टॉर्च ‘फुल’वर मंदावते किंवा लुकलुकते? सेल बदलण्याआधी फिरता स्विच तपासा

आधी लक्षण सांगतो. तुमची तक्रार हीच असेल तर पुढे वाचा.

घरी जोडलेली टॉर्च. आत एक १८६५० मापाचा लिथियम सेल, ३ वॅटचा पांढरा एलईडी, दोन-तीन रेझिस्टर आणि उजेड कमी-जास्त करायला गोल फिरवायचा स्विच. पहिले दोन-तीन महिने झकास चालते. मग एके दिवशी ‘फुल’वर नेली तरी उजेड ‘मिडियम’एवढाच पडतो. नॉब जरा दाबला, अर्धा केस इकडेतिकडे सरकवला की भक्कन् वाढतो, सोडला की पुन्हा बसतो. सेल बदलून झाला, एलईडी बदलून झाला, तरी तेच. आणि मंद उजेडावर मात्र काहीच तक्रार नाही.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, सगळं उत्तर तिच्यात आहे.

माझ्याकडे ही तक्रार आमच्या नानांकडून आली. नाना म्हणजे मोठे चुलते. जुन्नर तालुक्यात ऊस आहे. शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची असली की त्यांना अंधारात दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी फिरवायला, जावं लागतं. बिबट्याचा भाग, त्यामुळे हातात टॉर्च म्हणजे चैन नव्हे. मी मोठ्या हौसेने करून दिली होती. चौथ्या महिन्यात ती माझ्यासमोर टेबलावर आपटून म्हणाले, “अरे, तुझी बॅटरी उसात काही खसफसलं की डोळे मिटते.” मी म्हटलं, “नाना, चार्ज केली होती का?” त्यावर त्यांनी नुसतं बघितलं.

(आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. इथे गोंधळ नको म्हणून हातातल्या वस्तूला टॉर्च म्हणतो आणि आतल्या नळकांड्याला सेल.)

नेमकं काय होतं

एका लिथियम सेलवर एलईडी चालवताना हातात व्होल्टेज फार थोडं उरतं. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्ट. ३ वॅटचा पांढरा एलईडी ७०० मिलिअँपिअरला साधारण ३.३ व्होल्ट खातो. उरले ०.९ व्होल्ट. एवढ्यावरच करंट आवरायचा, म्हणून १.२ ओहमचा रेझिस्टर घालतो. मिडियमला १५० मिलिअँपिअर हवे असतील तर ८.२ ओहम, मंदला ३० मिलिअँपिअर हवे असतील तर ४७ ओहम.

आता समजा स्विचच्या कॉन्टॅक्टवर मळ बसला किंवा आतली पत्ती सैल झाली आणि तिथे अर्धा-पाऊण ओहम तयार झाला. ४७ ओहमला त्याचं काहीच वाटत नाही. ८.२ ओहमला किंचित फरक पडतो, डोळ्याला कळतही नाही. पण फुलच्या वाटेवर मुळात रेझिस्टरच १.२ ओहमचा. तिथे पाऊण ओहम म्हणजे घरात पाहुणा येऊन निम्मा पलंग अडवण्यासारखं झालं. ७०० वरून करंट साडेपाचशेच्याही खाली उतरतो, आणि सेल ३.७ व्होल्टवर आला की तीनशेच्या आसपास घुटमळतो.

म्हणून मंद ठीक आणि फुल मंदावलेला असेल तर एलईडीवर संशय घेऊ नका. रस्त्यात कुठेतरी लहानसा रोध वाढलाय. सेलची स्प्रिंग, कच्चा सोल्डर आणि स्विच हे तीन आरोपी, आणि माझ्या अनुभवात पहिला नंबर स्विचचा.

उलट लक्षणही असतं: फुल छान, पण मंद उजेड थरथरतो. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे मिक्सरच्या स्विचपाशी सांगतो.

मोजायचं कसं

इथे बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर लावतात, स्विचच्या दोन पायांना टोकं टेकवतात, ०.४ दिसतं, ‘चालतंय की’ म्हणून ठेवून देतात. पण साध्या मीटरच्या वायरीच ०.२ ते ०.५ ओहमच्या असतात. अर्ध्या ओहमचा दोष त्या मीटरवर ओहममध्ये सापडणार नाही.

टॉर्च चालू करा, फुलवर ठेवा. मीटर डीसी व्होल्टच्या सर्वांत लहान रेंजवर, शक्यतो २०० मिलिव्होल्टवर. एक टोक स्विचच्या कॉमन पायावर (जिथून सगळ्या वाटा फुटतात तो), दुसरं फुलच्या पायावर. टोकं पायांवरच टेकवा, वायरवर नाही. चांगला स्विच ७०० मिलिअँपिअरला २०-३० मिलिव्होल्टच्या आसपास दाखवेल. शंभरच्या वर गेला तर स्विच संपला असं धरा. नानांच्या टॉर्चमध्ये २०० ची रेंज पुरलीच नाही. पुढच्या रेंजवर ०.३५ व्होल्ट दिसले. नॉब बोटाने दाबला की आकडा धाडकन् खाली, सोडला की वर. अशीच दोन टोकं स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना फिरवा. व्होल्टेज जिथे सांडतंय तिथे दोष.

०.३५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर म्हणजे मुगाच्या दाण्याएवढ्या कॉन्टॅक्टवर ०.१७ वॅटच्या आसपास उष्णता. तेवढ्यानेही पत्तीभोवतीचं प्लास्टिक मऊ पडतं, पत्तीचा ताण कमी होतो, रोध आणखी वाढतो, उष्णताही आणखी वाढते. म्हणून हा दोष एकदा सुरू झाला की आठवड्यागणिक वाढत जातो.

स्विच मुळात चुकीचा निवडला होता

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला ‘रोटरी स्विच द्या’ म्हटलं की काळा प्लास्टिकचा, मागे गोलात पाय असलेला स्विच हातात येतो. एक पोल बारा वे, दोन पोल सहा वे, तीन पोल चार वे, चार पोल तीन वे अशा जातीत मिळतो. (पोल म्हणजे एकाच नॉबवर एकदम फिरणारे वेगवेगळे स्विच, वे म्हणजे प्रत्येकाच्या जागा.) मागच्या बाहेरच्या गोलात १ ते १२ आकडे आणि आतल्या गोलात ए, बी, सी अशी अक्षरं असतात. अक्षरं म्हणजे कॉमन. हा स्विच अॅम्प्लिफायरचं इनपुट निवडायला, मीटरची रेंज बदलायला केलेला आहे. त्याच्यावर पाव-अर्ध्या अँपिअरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, कधी त्याहून कमी. मी त्यातून पाऊण अँपिअर नेत होतो. चार महिने टिकला हेच खूप.

आकडा वाचताना लोक व्होल्टकडे बघून फसतात. ‘१२५ व्होल्ट लिहिलंय, माझे तर चारच व्होल्ट’ असं म्हणतात. पण चार व्होल्टला कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी टिकून राहत नाही, त्यामुळे व्होल्टचा प्रश्नच नाही. प्रश्न अँपिअरचा आहे आणि तो व्होल्ट कमी झाले म्हणून सुटत नाही.

तात्पुरता उपाय हवा असेल तर तीन पोल चार वे स्विचचे तिन्ही पोल एकमेकांना समांतर जोडा. करंट तीन पत्त्यांत वाटला जातो. पण वाटणी कधीच सारखी होत नाही, आणि एक पत्ती रुसली की उरलेल्या दोघींवर भार. पाहुण्यांच्या गाडीला दोरी बांधून गॅरेजपर्यंत नेण्याइतकाच याचा उपयोग.

आता मग मोठा स्विच घालू म्हणून लोक घरातले स्विच काढतात. मिक्सरचा तीन स्पीडचा फिरता स्विच कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो आणि अँपिअरच्या हिशेबाने टॉर्चला भरपूर होतो. फुलवर तो मस्त चालतो. पण त्याचे चांदीचे मोठे कॉन्टॅक्ट २३० व्होल्ट आणि भक्कम करंट धरून केलेले. त्यांच्यावर हवेने जो काळपट थर बसतो तो मोठ्या व्होल्टेजला, छोट्याशा ठिणगीला फुटतो. चार व्होल्ट आणि तीस मिलिअँपिअरला तो हटत नाही. मघाशी म्हटलेली मंद उजेडाची थरथर बहुतेक वेळा इथून येते.

पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल तर लिहायलाच नको, पण दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. पाच पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात. डीसी त्यांच्यातून जातच नाही. सरकत्या नॉबच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक नावाचा एसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. डीसीवर तो एकदा चालू झाला की उजेड कमी करणं विसरा. सोडून द्या.

मधल्या क्षणात काय होतं

हे दुकानदार सांगत नाही आणि पाकिटावरही नसतं. फिरता स्विच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना दोन प्रकारे वागतो. एक प्रकार आधी जुना कॉन्टॅक्ट सोडतो, मग नवा धरतो. दुसरा आधी नवा धरतो, मग जुना सोडतो. म्हणजे मधे क्षणभर दोन्ही शेजारी जोडलेले असतात. कुठला आहे ते ओळखायला मीटर बीपवर ठेवा, टोकं १ आणि २ या पायांना लावा आणि नॉब इतका हळू फिरवा की खटका मधेच अडेल. मधे ‘पीप’ झाला तर दुसरा प्रकार.

रेझिस्टरवाल्या टॉर्चला दोन्ही चालतात. पहिल्यात उजेड क्षणभर मिटतो, दुसऱ्यात मिटत नाही. पण दोन ठिकाणी चूक महागात पडते.

काही जण एकावर एक असे दोन सेल ठेवून, कधी एका सेलच्या टोकाला आणि कधी दोन्हींच्या टोकाला स्विच जोडून उजेड बदलतात. तिथे ‘आधी नवा धरणारा’ स्विच लावलात तर मधल्या क्षणात वरचा सेल सरळ शॉर्ट होतो. लिथियम सेलला हा खेळ परवडत नाही. नुसतं तापण्यावर भागलं तर नशीब. माझं मत विचाराल तर सेलचे असे टप्पे काढूच नका. एक सेल नेहमी जास्त उतरतो ते वेगळंच.

दुसरी चूक करंट स्थिर ठेवणाऱ्या, व्होल्टेज वाढवणाऱ्या तयार ड्रायव्हरबाबत. त्याच्या आउटपुटला, म्हणजे ड्रायव्हर आणि एलईडीच्या मधे, स्विच घालू नका. ‘आधी सोडणारा’ स्विच क्षणभर एलईडी तोडतो, ड्रायव्हरला वाटतं करंट कमी पडतोय, तो आउटपुटचं व्होल्टेज चढवत नेतो. पुढच्या क्षणी एलईडी परत जोडला जातो आणि कपॅसिटरमध्ये साठलेलं सगळं त्याच्या अंगावर. एलईडी जातो आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो. स्विच लावायचाच तर ड्रायव्हरच्या इनपुटला लावा.

मी काय केलं

दोन रस्ते आहेत. दोन्हींत एक गोष्ट सारखी: मंदचा ४७ ओहमचा रेझिस्टर निवडीच्या स्विचमधून न्यायचाच नाही. तो एलईडीला कायमचा जोडायचा. निवडीचा स्विच त्याच्यावर फक्त भर घालतो. मग हा स्विच तुटला, अडकला, पाण्याने बिघडला तरी टॉर्च पूर्ण अंधारात सोडत नाही. उसात उभ्या माणसाला याची किंमत कळते.

सोपा रस्ता टॉगल स्विचचा. लहान टॉगलमध्ये ‘ऑन-ऑफ-ऑन’ नावाचा प्रकार येतो, दांडी मधे थांबते. एमटीएस १०३ म्हणून मागा. त्यावर साधारण ६ अँपिअर १२५ व्होल्ट छापलेलं असतं, म्हणजे पाऊण अँपिअर त्याच्या खिजगणतीत नाही. दांडी मधे असताना स्विच काहीच जोडत नाही, म्हणजे फक्त कायमचा ४७ ओहम: मंद. वर केली की ८.२ ओहम समांतर जोडला जातो: मिडियम. खाली केली की १.२ ओहम: फुल. चालू-बंदला असाच दुसरा साधा टॉगल. १.२ ओहमवर अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता होते, तो रेझिस्टर २ वॅटचा घ्या. ८.२ साठी अर्धा वॅट, ४७ साठी पाव वॅट पुरे. पहिल्यांदाच टॉर्च जोडत असाल तर इथेच थांबा, हा रस्ता उत्तम आहे. मात्र सेल उतरत गेला की उजेड उतरत जाणार. रेझिस्टरवाल्या टॉर्चला ते चुकत नाही.

नानांच्या टॉर्चला मी दुसरा रस्ता घेतला. एएमसी ७१३५ नावाची तीन पायांची चिप मिळते. एलईडीच्या ऋण टोकाला लावली की ती ३५० मिलिअँपिअर धरून ठेवते, सेल ४.२ वर असो की ३.६ वर. दोन लावल्या की ७००. तिला स्वतःला फक्त ०.१२ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे फुलवर सेल साधारण ३.४ व्होल्टपर्यंत उतरला तरी उजेड तसाच राहतो आणि मग उतरू लागतो. तीच सेल संपत आल्याची खूण समजायची.

खरी गंमत तिच्या सप्लायच्या पायात आहे. चिपला जागं ठेवायला त्या पायातून जेमतेम ०.२ मिलिअँपिअर जातो. तो पाय तोडला की चिप झोपते. मग एलईडीचा करंट निवडीच्या स्विचमधून न्यायचा कशाला? नुसती सप्लायची बारीक वायर न्यायची. आता त्याच काळ्या प्लास्टिकच्या स्विचमध्ये मळ बसून शंभर ओहम जरी तयार झाले तरी ०.२ मिलिअँपिअरला तिथे २० मिलिव्होल्ट सांडतील, चिपला कळणारही नाही. ज्या कामासाठी तो स्विच जन्मला तेच काम त्याला मिळालं.

जोडणी अशी. दोन पोल लागतात, एक चालणार नाही, कारण फुलवर दोन्ही चिप जाग्या हव्यात आणि मिडियमवर एकच. पोल ए आणि पोल बी, दोन्ही कॉमन सेलच्या धन टोकाला, अर्थात चालू-बंदच्या टॉगलच्या नंतर. जागा १: दोन्ही मोकळे, फक्त ४७ ओहम, मंद. जागा २: ए पहिल्या चिपला. जागा ३: ए पहिल्या चिपला, बी दुसऱ्या चिपला. चिप तापतात, ताज्या सेलवर प्रत्येकी ०.३ वॅटच्या आसपास, त्यामुळे त्यांच्या मधल्या पट्टीला तांब्याचा रुंद पट्टा द्या. एलईडीची उष्णता वेगळी. तो अॅल्युमिनियमच्या नळीला नीट चिकटलेला हवाच.

पीडब्ल्यूएम, म्हणजे एलईडी झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करण्याची पद्धत, वापरणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. साधी एनई ५५५ टायमर चिप एका लिथियम सेलवर लावू नका, तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात. सीमॉस जातीचा ७५५५ घ्या, तो २ व्होल्टपासून चालतो. आणि करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे मॉस्फेट, आयआरएफझेड ४४ नको, त्याला गेटवर (चालू करायच्या पायावर) १० व्होल्ट दिले तरच पूर्ण उघडतो. ‘एल’ अक्षराचा आयआरएलझेड ४४ मागा.

नवा स्विच बसवताना मारला जातो तो असा

मी स्वतः एक नवाकोरा स्विच इस्त्रीने मारलाय. सोल्डरिंगची आमच्याकडची ‘इस्त्री’ ६० वॅटची, पाय बारीक, आणि मी ‘नीट बसू दे’ म्हणून आठ-दहा सेकंद धरून ठेवली. पाय प्लास्टिकमध्ये हलू लागला. २५ वॅटची घ्या, पाय आणि वायर आधी वेगवेगळे कल्हई करून घ्या, मग दोन-तीन सेकंदांत जोड होतो. सोल्डर लावताना स्विचचे पाय आकाशाकडे करून ठेवू नका; वितळलेला फ्लक्स (सोल्डरमधली राळ) पायावरून ओघळत आत जातो आणि कॉन्टॅक्टवर काचेसारखा बसतो. स्विच आडवा धरा. डबीतली पिवळी पेस्ट जपून: काही पेस्ट आम्लाच्या असतात, पुढच्या पावसाळ्यात पाय हिरवे होतात.

जुना स्विच स्वच्छ करून वाचतो का? मळाचा असेल तर वाचतो. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आत सोडा, वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा, वाळू द्या, पुन्हा मिलिव्होल्ट मोजा. पत्तीचा ताण गेला असेल तर आकडा दोन दिवसांत परत चढेल. थिनर वापरू नका, प्लास्टिक विरघळतं. कुलपात मारायचा तेलकट स्प्रेही नको. चार दिवस बरं वाटतं, मग त्याच्यावर धूळ बसून काळी कणीक होते.

आमच्याकडच्या पावसात पाणी नॉबच्या दांड्याच्या बाजूने आत उतरतं. नटाच्या खाली रबरी रिंग आणि दांड्याला बोटभर सिलिकॉन ग्रीस, एवढं पुरतं.

एक शेवटचं राहिलं. या स्विचच्या नटाखाली एक वॉशर असतो, त्याला खाली वळलेली छोटी जीभ असते. ती जीभ स्विचच्या अंगावरच्या ज्या भोकात बसवाल त्यावर नॉब किती जागांवर फिरेल ते ठरतं. तीन हव्या असतील तर तिसऱ्याच्या भोकात. नानांच्या टॉर्चमध्ये तीन पोल चार वे लावला आणि घाईत मी जीभ बसवायची विसरलो, त्यामुळे फुलच्या पुढे चौथी मोकळी जागा राहिली. तिथे नेली की टॉर्च परत मंद होते. महिन्याने ते दुरुस्त करायला गेलो तर नानांनी टॉर्च हातात दिली नाही. समोरून बांधावरून कोणी आलं की फुलवरून एका खटक्यात मंद करता येते, त्याच्या डोळ्यांवर उजेड जात नाही, म्हणाले. वॉशर अजून माझ्या डबीत आहे.